डिस्क लागत नाही, प्लेअर अडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल. कुठूनही विचारलं तरी प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात. माळ्यावर लग्नाच्या डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी आणि परदेशातून आलेल्या ब्लू-रे पडून आहेत, आणि नवा कॉम्प्युटर त्या लावायला तयार नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून डिस्कचं लॉक काढणारा प्रोग्राम टाकला, तर आधी चालणारंही चालेनासं झालं. खाली 'डिक्रिप्टर' म्हटलं आहे तो हाच प्रोग्राम. मेन्यूतली नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील.

१. जुन्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी टाकली की लगेच लागायची. विंडोज १० किंवा ११ वर काहीच का होत नाही?

बिघाड नाही. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि वरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी लावायची सोय होती. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ती मूळ विंडोजमधून काढून टाकली. त्यामुळे फोल्डर उघडतो, आत 'व्हिडिओ टीएस' दिसतं, पण पिक्चर लागत नाही. व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाका. तो फक्त व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच उतरवा, कारण त्याच नावाने भलतंच गळ्यात मारणाऱ्या साइट आहेत. साध्या डीव्हीडीसाठी वेगळा डिक्रिप्टर लागत नाही. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे, त्यांनी पुढे वाचावं.

२. डिक्रिप्टर आणि प्लेअर एकाच कॉम्प्युटरवर असले की नेमकं भांडण कशावरून होतं?

विकतच्या डीव्हीडीवर १९९६ पासून ४० बिटांची सीएसएस नावाची कुलूपपद्धत आहे. प्लेअर ड्राइव्हशी ओळखपरेड करतो, किल्ली घेतो आणि चित्र उघडतो. डिक्रिप्टर दोन प्रकारचे असतात. काही फक्त सांगितलं तेव्हाच डिस्क वाचतात. काही मात्र कायम पाठीमागे चालू राहतात आणि ड्राइव्ह व विंडोज यांच्या मधोमध स्वतःचा ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्राम) बसवतात. ड्राइव्हमधून जे येईल ते आधी याच्या हातातून जातं. कटकट होते ती या दुसऱ्या प्रकाराची.

पहिली अडचण ओळखपरेडीची. डीव्हीडी ड्राइव्हकडे अशा ओळखीसाठी एकूण चारच टोकन असतात. प्रोग्राम मध्येच कोसळला की त्याचं टोकन अडकून राहतं. दोन प्रोग्राम आळीपाळीने कोसळले की चारही संपतात आणि मग चांगली डिस्कही 'वाचता येत नाही' म्हणून परत येते.

दुसरी अडचण दुहेरी उघडण्याची. प्रत्येक कुलूपबंद तुकड्यावर 'हा बंद आहे' अशी खूण असते. डिक्रिप्टरने तुकडा उघडला पण खूण पुसली नाही, तर प्लेअर तोच तुकडा पुन्हा उघडायला जातो. उघडलेलं पुन्हा उघडलं की त्याचा चिवडा होतो.

तिसरी अडचण विकतच्या, परवानाधारक प्लेअरची. पॉवरडीव्हीडीसारख्या प्लेअरना मध्ये कोणी बसलं आहे का, हे बघावंच लागतं. शंका आली की ते चूक न सांगता गप बंद होतात. म्हणून 'प्लेअर उघडतो आणि नाहीसा होतो' असं ऐकलं की आधी डिक्रिप्टरवर बोट ठेवावं.

३. मग सुरुवात कुठून करू? सगळं काढून टाकू का?

घाईने काही काढू नका. प्रश्न ५ मधली आफत त्यातूनच येते.

आधी डिस्क बाहेर काढा. घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करा, लपलेली चिन्हं दिसतील. डिक्रिप्टरच्या खिडकीची फुली दाबली तरी तो बहुधा बंद होत नाही, इथे येऊन बसतो. त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'एक्झिट' करा. त्याच्या सेटिंगमध्ये 'विंडोजबरोबर सुरू हो' असा पर्याय असेल तर त्याची खूण काढा. मग कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरची अवस्था जशीच्या तशी जपून ठेवतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. 'चार वेळा बंद-चालू केला तरी फरक नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोटाळा हाच निघतो.

बाहेरचा ड्राइव्ह असेल तर केबल काढून दहा सेकंद थांबा आणि पुन्हा लावा. अडकलेली टोकनं वीज गेली की सुटतात. आता डिस्क टाका, ऑटोप्लेची (डिस्क आत जाताच आपोआप उघडणारी) खिडकी आली तर बंद करा आणि एकच प्लेअर उघडून त्याच्यातूनच डिस्क लावा. लागली, तर दोष डिस्कचा नव्हता.

४. मला दोन्ही हवेत. एकत्र नांदतील असं काही करता येईल का?

एका वेळी एकच चालू, हा नियम पाळला तर हो. ऑटोप्ले कायमचं बंद करा (विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ऑटोप्ले). नाहीतर डिस्क आत जाताच दोघेही तिच्यावर झडप घालतात. कायम पाठीमागे राहणाऱ्या डिक्रिप्टरपेक्षा सांगितल्यावरच काम करणारा बरा. एकाच कॉम्प्युटरवर असे दोन डिक्रिप्टर मात्र ठेवूच नका.

५. डिक्रिप्टर अनइन्स्टॉल केला आणि आता 'धिस पीसी'मध्ये डीव्हीडी ड्राइव्हच दिसत नाही!

ड्राइव्ह मेलेला नाही. डिक्रिप्टर गेला, पण विंडोजच्या नोंदवहीत 'आधी त्याला विचार' ही सूचना तशीच राहिली. विंडोज नसलेल्या ड्रायव्हरला शोधतं, तो सापडत नाही, म्हणून ड्राइव्हच बंद ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसत असेल तर हेच झालं आहे.

सोपा उपाय आधी. तोच डिक्रिप्टर पुन्हा टाका, रीस्टार्ट करा आणि मग रीतसर काढा. अनेकदा काम होतं.

नाही झालं तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'रेजएडिट' लिहा, म्हणजे ती नोंदवही उघडेल. आधी फाइल मेन्यूतून 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा. मग 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास' असं उतरत जा. तिथे लांबलचक आकड्यांचे फोल्डर आहेत. हवा तो '४डी३६ई९६५' ने सुरू होतो आणि तो उघडल्यावर उजवीकडे 'क्लास' या नावापुढे 'सीडीरॉम' लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटचा आकडा ५ ऐवजी ७ असलेला फोल्डर हार्ड डिस्कचा आहे, तिथे हात घातला तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. बरोबर फोल्डरमध्ये उजवीकडे 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या दोन नोंदी असतील तर तेवढ्याच पुसा. एकच असेल तर एकच. रीस्टार्ट करा, ड्राइव्ह परत येईल.

एक लहानसा तोटा आहे. डिस्क लिहिणारे काही प्रोग्राम आणि आयट्यून्सची जुनी आवृत्तीही इथेच नोंद ठेवतात. त्यांचं डिस्क लिहिणं बंद पडलं तर ते पुन्हा इन्स्टॉल करावे लागतील.

६. मेन्यू स्वच्छ दिसतो, पण पिक्चर सुरू झाला की हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाजाची खरखर. डिस्क गेली का?

बहुधा नाही. ओरखड्याने चित्र अधूनमधून अडतं, अखंड चौकोन दिसत नाहीत. अनेक डिस्कवर मेन्यू उघडा असतो आणि मुख्य पिक्चरच बंद असतो. म्हणून मेन्यू साफ आणि पुढे चिवडा दिसला की किल्लीचा घोळ समजा. कारणं तीन असू शकतात.

डिक्रिप्टर चालू असेल तर दुहेरी उघडणं (प्रश्न २). तो बंद करून बघा.

व्हीएलसीने चुकीची किल्ली साठवली असेल. एकदा शोधलेली किल्ली तो जपून ठेवतो. डिस्क मळकट असताना ती चुकीची निघाली, तर नंतर डिस्क लख्ख पुसली तरी चित्र फाटकंच राहतं. विंडोज आणि आर दाबून टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'अ‍ॅपडेटा' लिहा आणि एंटर करा. जो फोल्डर उघडेल त्यातला 'डीव्हीडीसीएसएस' फोल्डर पुसून टाका. पुढच्या वेळी तो आपोआप नव्याने तयार होतो.

तिसरं कारण गमतीचं आहे. डिस्कवरच्या मोठ्या फाइल थेट ओढून हार्ड डिस्कवर टाकायला गेलं तर ड्राइव्ह नकार देतो. पण आधी प्लेअरमध्ये डिस्क दोन मिनिटं लावली की कॉपी सुरळीत होते, आणि लोकांना वाटतं युक्ती सापडली. प्लेअरच्या ओळखपरेडीमुळे ड्राइव्ह वाचू देतो इतकंच, पण फाइल येतात त्या कुलूपासकट. त्यांची किल्ली डिस्कवरच राहिलेली असते.

७. आमच्या लग्नाची डीव्हीडी आणि नाट्यगृहाबाहेरच्या स्टॉलवरून घेतलेल्या नाटकांच्या व्हीसीडी आहेत. त्यांना डिक्रिप्टर लागेल का?

नाही. स्टुडिओने लिहून दिलेल्या लग्नाच्या डिस्कवर कुलूप नसतं. व्हीसीडीला तर ते तंत्रच नाही. त्यामुळे या डिस्क लागत नसतील तर डिक्रिप्टर टाकून फक्त गुंता वाढतो.

व्हीसीडीमध्ये 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर असतो, त्यातली 'डॅट' फाइल व्हीएलसीमध्ये उघडा. चित्र ३५२ गुणिले २८८ चंच असतं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. त्याला सेटिंगचा इलाज नाही.

लग्नाची डीव्हीडी एकाच यंत्रावर लागते आणि बाकी कुठे नाही, असं असेल तर ती 'फायनलाइज' न करता, म्हणजे लिहिणं रीतसर बंद न करता दिली असण्याची शक्यता मोठी. मूळ रेकॉर्डर मिळाला तर त्यात घालून फायनलाइज करता येते. डिस्कवर वधूवरांच्या फोटोचा कागदी स्टिकर असेल आणि तो पावसाळ्यातल्या दमटपणाने एका बाजूने उचकटला असेल, तर डिस्क फिरताना थरथरते आणि ड्राइव्ह वेग कमी करत करत हार मानतो. स्टिकर ओढून काढू नका, लिहिण्याचा थर सोबत येऊ शकतो. कडा बोटाने दाबून बसवा, कमी वेगाच्या जुन्या ड्राइव्हमध्ये लावा आणि पहिल्याच फटक्यात फाइल उतरवून घ्या. पुन्हा संधी मिळेल असं धरून चालू नका.

८. प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन अडते. पुसली तरी तेच.

आधी नीट पुसली का ते बघा. मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल नाही. चिकट डाग असेल तर साबणाचं थोडं पाणी, मग साधं पाणी, मग सावलीत वाळवणं. टूथपेस्टचा घरगुती उपाय डीव्हीडीवर करायचा असेल तर डिस्क गेलीच आहे असं समजून करा, आणि ब्लू-रेवर अजिबात नको. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटर खोल असते, ब्लू-रेत फक्त ०.१. सीडी आणि व्हीसीडीची माहिती तर लेबलच्या अगदी खाली असते, म्हणून त्यांना वरचा ओरखडाच जास्त घातक.

स्वच्छ, कोरी दिसणारी विकतची डिस्कही त्याच जागी अडत असेल तर कारण वेगळं असू शकतं. काही डिस्कवर कॉपी अडवण्यासाठी मुद्दाम बिघडलेले भाग पेरलेले असतात. मेन्यूतून जाणारा प्लेअर त्यांना वळसा घालतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचणारा डिक्रिप्टर मात्र थेट खड्ड्यात जातो आणि ड्राइव्हलाही अडकवून ठेवतो. डिक्रिप्टर बंद करा. व्हीएलसीत 'मीडिया', 'ओपन डिस्क' इथे 'नो डिस्क मेन्यूज'वर खूण असेल तर काढा, म्हणजे तो मेन्यूच्या वाटेने जाईल.

९. मुलाने अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी इथे लागत नाही. दुबईहून आणलेलीचंही तेच.

हा रिजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात लागावी याच्या बंधनाचा मामला. भारत रिजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, दुबई आणि युरोप २ मध्ये येतात. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये रिजन पाच वेळाच बदलता येतो. पाचव्यानंतर शेवटचा रिजन कायमचा बसतो. विंडोज पुन्हा टाकून उपयोग नाही, मोजणी ड्राइव्हच्या पोटात असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीव्हीडी रिजन' ही पट्टी उघडा, किती उरले ते दिसेल. विंडोज 'रिजन बदलू का?' विचारतं तेव्हा पटकन हो म्हणू नका.

ज्यांच्याकडे परदेशी डिस्क बऱ्याच आहेत त्यांनी दुसरा स्वस्त यूएसबी ड्राइव्ह घेऊन तो रिजन १ वर कायमचा ठेवावा आणि वर मार्करने '१' लिहावं. डिक्रिप्टरशी झगडण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. ब्लू-रेचे विभाग वेगळे आहेत. भारत सी, अमेरिका ए, युरोप बी. तिथे तपासणी ड्राइव्ह नव्हे, प्लेअर करतो.

१०. ड्राइव्ह एकच आहे, पण कॉम्प्युटर दोन दाखवतो. प्लेअर म्हणतो डिस्कच नाही.

दुसरा आभासी आहे, म्हणजे प्रोग्रामने तयार केलेला खोटा ड्राइव्ह. डेमन टूल्स किंवा अल्कोहोलसारखा प्रोग्राम कधीतरी टाकला असणार. प्लेअर पहिल्या अक्षराच्या ड्राइव्हमध्ये बघतो आणि तो नेमका रिकामा आभासी निघतो. व्हीएलसीच्या 'ओपन डिस्क'मध्ये खरं अक्षर निवडा. विंडोज ८ पासून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) दोनदा क्लिक केली की आपसूक उघडते, त्यामुळे हे प्रोग्राम आता ठेवायची गरज नाही. काढताना त्यांचा 'एसपीटीडी' ड्रायव्हर मागे राहिला नाही ना ते पाहा. डिक्रिप्टरशी आणि परवानाधारक प्लेअरशी त्याचं जुनं वैर आहे.

११. बाहेरचा ड्राइव्ह टक्-टक् करतो, डिस्क फिरून थांबते.

वीज पुरत नाही. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क वेग घेताना ड्राइव्हला जास्त लागतात. हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, निळ्या पोर्टला लावलेलं बरं, किंवा दोन टोकांची केबल वापरा. सॉफ्टवेअरला हात लावायची गरज नाही.

१२. विंडोज ११ म्हणतं 'या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही'. डिक्रिप्टर सुरूच होत नाही.

'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण जुने ड्रायव्हर अडवतं. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ते दिसेल. ते बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. आमचं मत विरुद्ध आहे. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे एका पिक्चरसाठी दार उघडं ठेवू नये. जुना प्रोग्राम काढा. ड्राइव्हच गायब झाला तर प्रश्न ५.

१३. ब्लू-रे कालपर्यंत लागत होत्या. नवी डिस्क टाकल्यापासून जुन्याही लागत नाहीत!

ऐकायला अशक्य वाटतं, पण खरं आहे. ब्लू-रेच्या एएसीएस या कुलूपपद्धतीत नव्या डिस्कवर रद्द केलेल्या प्लेअरची यादी असते. ड्राइव्ह ती वाचतो आणि कायमची लक्षात ठेवतो. तुमच्या प्लेअरची आवृत्ती त्या यादीत असेल तर ड्राइव्ह त्याच्याशी बोलणंच थांबवतो, मग डिस्क कुठलीही असो. प्लेअर अपडेट करा, दुसरा मार्ग नाही. डिक्रिप्टर किल्ल्या इंटरनेटवरून आणत असेल तर त्याच्यामागची कंपनी अजून आहे का तेही बघा. एनीडीव्हीडी हा डिक्रिप्टर बनवणारी स्लायसॉफ्ट २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाली.

१४. ब्लू-रेची कॉपी छान चालते, पण वीसेक मिनिटांनी आवाज बंद होतो आणि संदेश येतो.

हा सिनाव्हिया. आवाजातच मिसळलेली, कानाला न कळणारी खूण. मूळ डिस्कऐवजी कॉपी चालते आहे असं दिसलं की प्लेअर आवाज बंद करतो. फेब्रुवारी २०१२ पासून परवानाधारक ब्लू-रे प्लेअरना हे सक्तीचं आहे. स्पीकर, केबल, ड्रायव्हर यांत काही शोधू नका. मूळ डिस्क लावा.

१५. नवा महागडा लॅपटॉप, ४के ब्लू-रे ड्राइव्ह, विकतचा प्लेअर. तरी डिस्क नाकारतो. आणि साधी ब्लू-रे सोसायटीच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवरही लागत नाही.

दोन वेगळी कारणं. ४के ब्लू-रेसाठी विकतच्या प्लेअरना इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते. ती सातव्या ते दहाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरमध्ये होती, अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे लॅपटॉप नवा आहे हीच अडचण. टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअर घ्या.

प्रोजेक्टरचं कारण केबल. निळ्या व्हीजीए केबलमधून कुलूपबंद चित्र पाठवायला प्लेअर तयार नसतो. एचडीएमआय वापरा. पडदा रेकॉर्ड करणारा प्रोग्राम चालू असला तरी काही प्लेअर अडून बसतात, तो बंद करा.

१६. मॅकवर व्हीएलसी म्हणतो ड्राइव्ह दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

डिस्क आत जाताच मॅकचा स्वतःचा डीव्हीडी प्लेअर उघडतो. तो पूर्ण बंद करा. सिस्टम सेटिंग्जमध्ये 'सीडीज अँड डीव्हीडीज' इथे व्हिडिओ डीव्हीडीसाठी 'इग्नोर' निवडा. ही पट्टी ड्राइव्ह जोडल्यावरच दिसते.

१७. स्टेशनजवळच्या दुकानात डिस्क पेन ड्राइव्हवर भरून देतात. द्यावी का? कायद्याने चालतं का?

स्वतःच्या लग्नाची, मुंजीची, गॅदरिंगची डिस्क असेल तर खुशाल द्या. त्यावर कुलूपच नाही.

विकतच्या, कुलूपबंद डिस्कचं तसं नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी सूट आहे. पण दुसऱ्याला ते करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायला हवी. नोंद न ठेवता 'कुठलीही डिस्क आणा, भरून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराने ही अट पाळलेली नसते.

घरगुती डिस्क भरून घेतलीत तर दुकानातून निघण्याआधी पेन ड्राइव्ह लावून फक्त सुरुवात बघू नका. डीव्हीडीवरचं चित्रण जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत असतं. सांध्यावर आवाज मागे-पुढे होतो आणि कधी शेवटचा तुकडा राहूनच जातो. सप्तपदी असते, पाठवणी नसते. शेवटची पाच मिनिटं तिथेच लावून बघा आणि मगच मूळ डिस्क परत पिशवीत टाका.